पांचव्या भागाची गरज कोणाला?

मुलांच्या सिनेमाविषयीं या पानांत लिहावें कीं नाहीं, असा विचार प्रथम मनांत आला. कारण कार्टून म्हणजे मुलांना जेवतांना एका जागीं बसविण्याचें साधन, अशीच पुष्कळ सुशिक्षित घरांतून समजूत आहे. परंतु ज्या घरांत आजी, आई आणि नातू असे तिघेहि एकच सिनेमा पाहून डोळे पुसतात, त्या घरांत तो विषय मुलांपुरता राहत नाहीं. ‘टॉय स्टोरी’ ही अशी मालिका आहे. खेळण्यांची ही गोष्ट पिक्सार या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं सांगण्यास आरंभ केला. संपूर्णपणें संगणकावर तयार केलेला तो जगांतला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. दुसरा भाग १९९९ मध्यें आला, तिसरा २०१० मध्यें आणि चौथा २०१९ मध्यें. डिस्ने या मालक कंपनीनें फेब्रुवारी २०२३ मध्यें पांचव्या भागाची घोषणा केली व पुढें त्यासाठीं १९ जून २०२६ हा दिवस ठरविला. तेव्हांपासून, जेथें मुलें आणि मुलांचे बाप दोघेहि या मालिकेचे चाहते आहेत, अशा अमरावती-अकोल्याच्या घरांतूनहि एक वाद ऐकूं येतो. गोष्ट तर तिसऱ्या भागांतच संपली होती. मग आणखी एक भाग हवा कशाला?

वाद क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाहीं. संपलेली गोष्ट पुन्हां उघडण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचें उत्तर आपल्या विदर्भांतल्याच एका माणसानें सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं देऊन ठेविलें आहे. भवभूति आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेंत पद्मपूर हें आपलें गांव म्हणून सांगतो, वा. वि. मिराशी यांनीं तें आमगांवाजवळचें पदमपूर होय असें मत मांडलें. आज तें गोंदिया जिल्ह्यांत येतें. तें वऱ्हाड नव्हे हें खरें, पण शेजारी म्हणून आपला थोडासा हक्क लागतो.

या भवभूतीनें प्रथम ‘महावीरचरित’ लिहिलें. त्याची कथा रामाच्या राज्याभिषेकापर्यंत जाते. (त्या नाटकाचा शेवटचा भाग खुद्द भवभूतीच्या हातचा आज मिळत नाहीं, तो इतरांनीं पुरा केलेला आहे, म्हणजे दुसऱ्याची गोष्ट पुरी करण्याचा उद्योगहि आपल्याकडे जुनाच.) राज्याभिषेकावर पडदा पडला असतां कोणीहि तक्रार केली नसती. तरी त्यानें ‘उत्तररामचरित’ लिहिलें, आणि आज भवभूति म्हटलें कीं रसिकांच्या तोंडीं प्रथम नांव येतें तें या दुसऱ्याच नाटकाचें. असें कां व्हावें? आमच्या मतें याचें कारण असें कीं, राज्याभिषेकाच्या मंगल वाद्यांमागें एक देणें शिल्लक होतें. सीतेचें काय? जिनें वनवास सोसला, अग्निपरीक्षा दिली, तिला पुन्हां वनांत धाडणाऱ्या कथेचा जाब कोणीतरी विचारावयास हवा होता. वाल्मीकीच्या उत्तरकांडांत सीता भूमींत जाते; भवभूतीनें तो शेवट बदलून सातव्या अंकांत पतिपत्नींची भेट घडवून आणली.

त्या नाटकाचा पहिला अंक आमच्या आजच्या विषयाला तर फारच जवळचा आहे. लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्यांतल्या प्रसंगांचीं चित्रें दाखवितो. चित्रें इतकीं हुबेहूब, कीं एके ठिकाणीं सीता घाबरते आणि हें चित्र आहे, असें रामाला तिला सांगावें लागतें. मागील भागांतल्या हकीकती प्रेक्षकांना आठवून देण्याची ही युक्ति आजच्या कोणत्याहि सिनेमावाल्यानें हेवा करावा अशी आहे. आणि चित्रें पाहून दमलेली सीता रामाच्या बाहूवर डोकें ठेवून निजलेली असतांनाच लोकापवादाची ती बातमी येते. मागील सुखाचें चित्र डोळ्यांपुढें धरून त्याच घटकेस पुढील दुःखाला दार उघडावें, यापरतें उत्तरभागाचें कौशल्य तें दुसरें कोणतें?

हाच काटा घेऊन आपण खेळण्यांच्या गोष्टीकडे वळूं.

ज्यांनीं हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगावयाचें तर, अँडी नांवाच्या मुलाची पाठ वळली कीं त्याच्या खोलींतलीं खेळणीं जिवंत होतात. पाठीवरची दोरी ओढली कीं बोलणारा वुडी हा गुराख्याच्या वेषांतला बाहुला त्यांचा पुढारी. अँडीच्या वाढदिवसाला बझ नांवाचा नवाकोरा अंतराळवीर घरांत येतो. त्याला बटणें, दिवे, पंख, सर्व कांहीं आहे, आणि वुडीच्या पोटांत दुखूं लागतें. घरांत धाकटें भावंड जन्मलें म्हणजे थोरल्याचें जें होतें तेंच हें. भांडतां भांडतां दोघे मित्र होतात आणि गोष्ट पुरी होते. कोणाचें कांहीं देणें राहत नाहीं.

मग दुसरा भाग कशासाठीं निघाला? खरें सांगावयाचें तर धंद्यासाठींच. तो चित्रपटगृहांकरितां नव्हे, तर घरीं पाहण्याच्या व्हिडिओपुरताच काढावयाचा प्रथम बेत होता. काम चालू असतां एका चुकीच्या आज्ञेनें संगणकावरील बहुतेक सर्व चित्रें पुसलीं गेलीं. तान्ह्या मुलामुळें घरून काम करणाऱ्या कंपनींतल्या एका बाईंच्या यंत्रावर एक प्रत होती म्हणून तीं वांचलीं. (घरांत बसून बायका काय करतात, असें विचारणारांनीं ही हकीकत लक्षांत ठेवावी.) पुढें तेंहि काम मनास येईना, म्हणून मुख्य मंडळींनीं कथा बहुतेक नव्यानें मांडून सुमारें नऊ महिन्यांत चित्रपट पुन्हां तयार केला. आणि त्या पुन्हां मांडलेल्या कथेंत त्यांना एक खरा प्रश्न सांपडला. खेळण्यांच्या दुकानाचा एक लोभी मालक वुडीला चोरतो आणि जपानांतल्या एका संग्रहालयास विकूं पाहतो. वुडीला कळतें कीं तेथें कांचेमागें आपण कधींहि फाटणार नाहीं, कोणी आपल्याला विसरणार नाहीं. उलट अँडीकडे परत जावें, तर तो चार दिवसांनीं मोठा होणारच. वुडी परत जातो. त्या क्षणीं पाहणाराच्या मनांत एक हुंडी लिहिली जाते: अँडी मोठा होईल त्या दिवशीं काय?

ही हुंडी अकरा वर्षांनीं वटली. तिसऱ्या भागांत अँडी सतरा वर्षांचा आहे आणि शिक्षणासाठीं घर सोडून निघाला आहे. खेळणीं माळ्यावर ठेवावयाचीं, कोणाला द्यावयाचीं कीं टाकून द्यावयाचीं, या घोळांत तीं भलतीकडेच जातात, मरतां मरतां वांचतात, आणि शेवटीं अँडी आपल्या हातानें तीं शेजारपाजारच्या बॉनी नांवाच्या लहान मुलीला देतो. देतांना एकेकाचें नांव आणि गुण सांगतो. वुडीची पाळी येते तेव्हां त्याचा हात क्षणभर मागें येतो. बारावीनंतर मुलाला पुण्यास धाडण्यासाठीं बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या फलाटावर जे उभे राहिले आहेत, त्यांना या प्रसंगाचें भाष्य करून सांगण्याची जरूर नाहीं. अँडीची आई रिकाम्या खोलींत येऊन एकदम थबकते, तेवढें एक दृश्य आमच्या पिढीला पुरे आहे.

मात्र या शेवटाकडे आपल्या घरांतून पाहतां एक गोष्ट निराळी दिसते. अमेरिकेंतला अँडी आपलीं खेळणीं दुसऱ्याला देतो हा तेथें मोठा त्याग आहे, कारण तेथें खोलीहि त्याची व खेळणींहि त्याचीं. एकत्र कुटुंबांत खेळण्याला एक मालक कधीं होता? अंबादेवीच्या नवरात्रांतून आणलेली बाहुली थोरलीकडून मधलीकडे, मधलीकडून चुलतबहिणीकडे, आणि तेथून आत्याच्या मुलीकडे असा प्रवास करी. पाहुणी आली कीं तिच्याबरोबर परगांवींहि जाई. आपल्याकडचा तान्हा पोळा पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलें चाकांवरचे लांकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा घेऊन येतात. तो लांकडी नंदी पुष्कळ घरांतून आजोबांच्या वेळचा असतो. दरवर्षीं त्याला नवी झूल, बेगड, शिंगांना रंग. ओढणारा हात तेवढा बदलतो. वुडीनें जन्म घ्यावा तर अशा घरांत घ्यावा! बॉनीकडे गेल्यानें त्याची गोष्ट संपली नसती, आणि संपली नाहीं म्हणून पुढचा सिनेमा काढण्याचीहि गरज पडली नसती. नंदीची गोष्ट दरवर्षीं तीच असते व तींत नवें असें कांहींच घडत नाहीं, तरी पांच वर्षांच्या मुलाला ती त्या वर्षीं नवीच असते.

आतां चौथा भाग. तिसऱ्यानंतर देणें म्हणून कांहीं राहिलें नव्हतें, हें आमचें मत त्या भागानें बदललें नाहीं. तरी तो वाईट आहे असें म्हणवत नाहीं. बॉनी शाळेंत पहिल्याच दिवशीं कचऱ्यांतला एक चमचा उचलून त्याला डोळे, हात चिकटविते आणि त्याचें खेळणें करते. तो चमचा सारखा कचऱ्याच्या पेटीकडे धांवतो, कारण आपण कचरा आहों अशी त्याची खात्री आहे. आणि मुलीचा त्याच्यावर जीव आहे म्हणून वुडी त्याला पुन्हां पुन्हां परत आणतो. मातीचे बैल थापणाऱ्या मुलांना ही गोष्ट तात्काळ पटते. खेळण्याचें मोल दुकानदार ठरवीत नाहीं, हें त्यांना आपल्यापेक्षां अधिक कळतें. पण शेवटीं वुडी मुलीचें घर व आपलें सगळें गणगोत सोडून जुनी सखी बो पीप हिच्याबरोबर निघून जातो. पाश्चात्य टीकाकारांना हें स्वातंत्र्य वाटलें. आम्हांला तो सरळ वानप्रस्थाश्रम वाटला. मुलें मोठीं झालीं, घर दुसऱ्यानें संभाळलें, आतां आपण दोघें निघावें. तेवढ्यापुरता तो शेवट आम्हांला शोभून दिसला, आणि आतां तरी या मंडळींनीं त्याला स्वस्थ राहूं द्यावें असें मनांत आलें.

तर पांचव्याची घोषणा झाली! वुडी आणि बझ यांना आवाज देणारे टॉम हँक्स व टिम ॲलन पुन्हां बोलावले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्यें जी पहिली झलक लोकांपुढें आली, तींत बॉनीच्या घरीं एक पार्सल येतें. त्यांत बेडकाच्या आकाराची लिलिपॅड नांवाची टॅब असते, आणि खेळण्यांच्या तोंडचें पाणी पळतें. म्हणजे पहिल्या भागांत जुन्या बाहुल्याच्या पोटांत नव्या बाहुल्याला पाहून दुखलें, तर या भागांत सर्वच खेळण्यांच्या पोटांत पडद्याला पाहून दुखणार.

येथें आमची थोडी कोंडी होते, हें कबूल केलें पाहिजे. मालिकेला पांचव्या भागाची गरज नाहीं. पण ही जी गोष्ट तींत घातली आहे तिची गरज मात्र आपल्या घरांना आहे. मुलाच्या हातांतला मोबाईल ही आज प्रत्येक घरांतली रोजची कटकट आहे. तो द्यावा तर खेळणीं कोपऱ्यांत धूळ खातात. न द्यावा तर घांस उतरत नाहीं. आणि काढून घ्यावा तर सासू सुनेकडे व सून सासूकडे पाहते. वानप्रस्थी वुडीला परत बोलावण्यांतहि एक ओळखीचा सूर आहे. अकोल्याचें घर बंद करून, तुळशीला पाणी घालण्याचें शेजाऱ्यांना सांगून, नातवंडांकडे पाहण्यासाठीं पुण्यास किंवा थेट अमेरिकेस गेलेलीं आजी-आजोबा आपल्या परिचयांत कोणाच्या नाहींत? त्यांना कोणी जुलमानें नेत नाहीं. मुलाचा आवाज फोनवर थकलेला लागतो आणि तीं आपण होऊन निघतात. तेथें गेल्यावर नातू टॅबवरून मान वर करीत नाहीं, आणि आजोबा आपली पाठीवरची दोरी कोणी ओढील म्हणून वाट पाहत बसतात. या गोष्टीवर एक चांगला चित्रपट निघाला तर आम्हांला हवाच आहे. फक्त तो वुडीच्या नांवावर निघावा काय, एवढाच आमचा प्रश्न.

या ठिकाणीं वऱ्हाडांतलेंच एक उदाहरण आठवतें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे वऱ्हाडांत वकिली करीत असतांना त्यांनीं ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटानें आपल्या रूढींची जी थट्टा केली, तिनें एका पिढीला हंसतां हंसतां विचार करावयास लावलें. राम गणेश गडकरी हे त्यांना गुरु मानीत. गडकऱ्यांनाहि तशाच थट्टेचे लेख लिहावयाचे होते, आणि सुदाम्याचें नांव त्या वेळीं महाराष्ट्रांत खपणारें होतें. सुदाम्याचे आणखी पोहे कांडण्यास त्यांना कोणी अडविलें नसतें. पण त्यांनीं ‘बाळकराम’ हा आपला स्वतंत्र लेखक उभा केला आणि ठकीच्या लग्नाची मोहीम काढली. धडा गुरूचा, माणसें आपलीं. त्यामुळें सुदामाहि शाबूत राहिला आणि मराठीला बाळकरामहि मिळाला. पिक्सारच्या मंडळींना नवीं माणसें निर्माण करण्याचें सामर्थ्य नाहीं असें कोण म्हणेल? टॅबला भिणारी खेळणीं दुसऱ्या एखाद्या घरांत, दुसऱ्या नांवांनीं भिऊं शकलीं असतीं.

तीं तशीं कां भीत नाहींत, याचें उत्तर हिशेबाच्या वहींत आहे. तिसऱ्या आणि चौथ्या या दोन्ही भागांनीं जगभरांत प्रत्येकीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविलें, व दोघांनाहि उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचें ऑस्कर मिळालें. त्याच कंपनीच्या ‘इनसाइड आउट’ या चित्रपटाचा दुसरा भाग २०२४ मध्यें निघाला आणि त्यानें जवळजवळ एकशें सत्तर कोटी डॉलर गोळा केले. पुढच्याच वर्षीं, २०२५ मध्यें, ‘एलिओ’ ही अगदीं नवी गोष्ट त्यांनीं आणली, तर पिक्सारच्या तोंवरच्या चित्रपटांत सर्वांत फिकी सुरुवात तिच्या वांट्यास आली. आतां दुकानदारानें कोणता माल मांडावा? कंपनीला लोभी म्हणणें सोपें आहे. परंतु नव्या गोष्टीच्या दाराशीं रांग लागली नाहीं, आणि त्या न लागलेल्या रांगेंत आपणहि होतोंच. मुलाला सिनेमास नेतांना आपण नांव पाहतों, कारण ओळखीच्या नांवाची भीति वाटत नाहीं. शिवाय १९९५ मध्यें जो आठ वर्षांचा होता, तो आज मुलाचा बाप आहे आणि पाकीट त्याच्या खिशांत आहे. वुडी पुन्हां हवा असतो तो पुष्कळदां त्याला. मुलाला, खरें तर, चारहि भाग अद्याप नवेच आहेत.

नुसत्या नांवावरहि नेहमींच भागत नाहीं, हें मात्र त्यांना एकदां कळलें आहे. २०२२ मध्यें बझचें नांव घेऊन ‘लाइटइयर’ हा वेगळा चित्रपट काढला. त्यांत ना अँडीची खोली, ना इतर खेळणीं. खर्चाच्या मानानें त्याचें उत्पन्न फारच तोकडें पडलें. लोकांना बझ हवा होता तो वुडीशीं भांडणारा बझ. एकट्याचा त्यांना कांहीं उपयोग नव्हता.

आपल्याकडील अनुभवहि फारसा निराळा नाहीं. चित्रांना चालविण्याची हौस आपल्याला जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ करून काड्यांना नाचविलें, आणि १९३४ मध्यें प्रभात कंपनीनें ‘जंबूकाका’ हें छोटें व्यंगचित्र काढलें. आज घरांतल्या मुलाला वुडीचें सारें गोत पाठ असतें, पण जंबूकाकाचें नांव त्याच्या बापालाहि ठाऊक नसतें. अलीकडच्या काळांत, म्हणजे २००५ सालीं, व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ आला आणि देशभर मुलांनीं तो डोक्यावर घेतला. जन्म, सूर्याला फळ समजून घेतलेली झेंप, लंका, द्रोणागिरि. आजी जें रोज सांगत होती तेंच पडद्यावर आलें, आणि आजीचाहि मान वाढला. मग २००७ मध्यें अनुराग कश्यप यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘रिटर्न ऑफ हनुमान’ निघाला. त्यांत गुंड पोरांचा त्रास सोसणाऱ्या एका मुलाच्या मदतीसाठीं हनुमान मारुति नांवाचा मुलगा होऊन जन्म घेतो व शाळेंत जातो. मौज आहे, मुलें हंसलीं. हनुमान चिरंजीव, तेव्हां त्याच्या गोष्टीला शेवट नसणें शास्त्रसंमतच म्हणावें लागेल. तरी पहिला भाग पुन्हां लावा म्हणणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं, दुसऱ्यासाठीं हट्ट धरणारें एकहि आठवत नाहीं. पहिल्यांत एक संपूर्ण चरित्र होतें. दुसऱ्यांत एक लाडकें पात्र होतें आणि त्याला काम शोधून द्यावयाचें होतें.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. पुन्हां सांगणें वेगळें आणि पुढें सांगणें वेगळें. कीर्तनकार रुक्मिणीस्वयंवर लावतो तेव्हां शेवट श्रोत्यांना पाठ असतो. तरी ते बसतात, कारण गेल्या वर्षीं कडेवर असलेलें मूल यंदा मांडीवर बसून ऐकूं लागलेलें असतें. पुन्हां सांगण्याला कधींच हरकत नाहीं. पुढें सांगावयाचें तर मात्र मागें कांहीं राहिलेलें असावें लागतें. म्हणून २०२५ मध्यें आलेल्या ‘महावतार नरसिंह’ या ॲनिमेशनपटाच्या मालिकेकडे आम्ही तितक्या संशयानें पाहत नाहीं. अश्विनकुमार यांचा तो चित्रपट २५ जुलैला लागला आणि मोठमोठ्या नटांच्या चित्रपटांना मागें सारून चालला. पण तो लागण्यापूर्वींच त्याच्या कंपनीनें अवतारांची सारी यादी जाहीर करून टाकली होती. २०२७ मध्यें परशुराम, २०२९ मध्यें रघुनंदन, मग द्वारकाधीश, गोकुळानंद, आणि दोन भागांचा कल्कि. शेवटचा २०३७ मध्यें. पहिला ग्रास घेण्यापूर्वींच सात पक्वान्नें वाढण्याची ही घाई आमच्या पंक्तीच्या शिस्तीला धरून नाहीं. तरी ही मालिका म्हणजे एका गोष्टीचे लांबविलेले भाग नव्हेत. प्रत्येक अवताराला स्वतःचा आरंभ आहे आणि स्वतःचा शेवट आहे. नरसिंहानंतर परशुराम आला म्हणून प्रह्लादाची गोष्ट कोणी पुन्हां उघडीत नाहीं. अपुरेपणा राहिला तर तो सांगणाराचा राहील.

यांतला ‘द्वारकाधीश’ २०३१ मध्यें येण्याचें ठरलें आहे. रुक्मिणीचें माहेर कौंडिण्यपूर आपल्या अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं आहे, आणि तिचें हरण अंबादेवीच्या देवळांतून झालें अशी अमरावतीकरांची श्रद्धा आहे. त्या चित्रपटांत हा प्रसंग आला, तर देऊळ कसें काढलें आहे यावर गांवांत महिनाभर चर्चा चालेल, आणि ती करण्याचा आपला हक्क कोणी नाकारूं नये.

तोंवर मुलांना ‘टॉय स्टोरी’ दाखवावयाची असेल तर आमचें सांगणें एवढेंच कीं, तीन भाग क्रमानें, एकेका सुटीच्या दिवशीं, घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून पाहावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत मुद्दाम कांहीं दिवस जाऊं द्यावे, म्हणजे ती हुंडी मुलाच्या मनांत थोडी मुरते. चौथा चमच्यासाठीं पाहावा. पांचव्याला मुलें न्या म्हणतील आणि आपण नेऊंच. कारण पडद्यापुढें बसून पडद्याविरुद्धची गोष्ट पाहण्यांतला विनोद त्यांच्याहि लक्षांत येईल, आणि त्यावर घरीं परततांना जें बोलणें निघेल तें बहुधा तिकिटाच्या किमतीचें असेल.

अवतारांच्या मालिकेचा हिशेब मात्र आम्हीं सहज मांडून पाहिला. पहिला भाग पाहतांना जो मुलगा आठ वर्षांचा होता, तो शेवटच्या भागाच्या वेळीं वीस वर्षांचा असेल. म्हणजे तिसऱ्या भागांतल्या अँडीपेक्षां तीन वर्षांनीं मोठा. तेव्हां तो अमरावतीस क्वचितच असावयाचा. कल्कि पाहण्यासाठीं त्याचें तिकीट त्याला स्वतःलाच काढावें लागेल, आणि घरीं फोन करून, तुम्ही तिकडे पाहिला काय, असें तो आजीला विचारील.